खांब एकशे चौदाजवळची गळती

धरणावरच्या देवीची ओटी भरायची, हे माझ्या मागच्या आजारपणापासून राहून गेलं होतं. माझी धाकटी बहीण शोभा त्याच बाजूला, धरणाच्या अलीकडे दहा-बारा किलोमीटरवर टाकळीत दिलेली. चैत्रातलं नवरात्र होतं, देवी आणि बहीण एकाच फेरीत होतील म्हणून निघाले. ह्यांना मात्र घरीच ठेवावं लागलं. अकोल्यात आमच्या गल्लीत नळ कोणत्या दिवशी येईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं, तेव्हा घरात माणूस पाहिजे. "तू देवीपाशी पुण्य कमव, मी नळापाशी कमवतो," हे म्हणाले.

अकोला ते अमरावती एसटीनं जा. बायकांना अर्धं तिकीट आहे. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत बसा, नाहीतर मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीचा गज हाताला चटके देतो. अमरावतीच्या स्टँडबाहेर गिला वडा, म्हणजे दह्यात भिजवलेला वडा, खाल्ला. एका प्लेटीत दोघींचं भागतं, पण मी एकटी होते, म्हणून सगळी संपवली. घरच्या दशम्या तशाच राहिल्या. तिथून टाकळीपर्यंत शेअर ऑटो, चाळीस रुपये. गाडी गच्च भरल्याशिवाय ऑटोवाला किल्ली फिरवत नाही, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका.

या रस्त्यानं जो जाईल त्याला एक गोष्ट दिसणारच. डाव्या हाताला माणसाएवढ्या घेराचा काळा पाइप सोबत चालत असतो. कुठे जमिनीत जातो, कुठे वर येतो, नाल्यावर तर पुलासारखा आडवा पडलेला. मी ऑटोवाल्याला विचारलं.

"धरनाचं पानी हाये काकू. वीज कारखान्याले जाते, आन पुढं एमआयडीसीले."

"आणि गावांना?"

"गावाले वरून तार जाते ना! तेच पहा न् तहान भागवा."

ऑटोतली सगळी हसली. वर खरंच मोठमोठ्या मनोऱ्यांवरून तारा गेल्या होत्या, उन्हात घूं-घूं आवाज करत.

टाकळीच्या अलीकडे एक म्हातारी उतरली म्हणून ऑटो थांबला. समोरच पाइपावर व्हॉल होता. व्हॉल म्हणजे पाइपातली हवा बाहेर सोडायची लोखंडी टोपी. त्याच्या बुडाशी कापडाची चिंधी गुंडाळलेली आणि तिच्यातून बोटभर जाड धार चाललेली. खाली खड्डा भरून पाणी पुढे शेताकडे वाहत होतं. भर दुपार, आसपास चिटपाखरू नाही. माझा जीव तुटला. आमच्याकडे मी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते. देवळात दुसऱ्यानं उघडा टाकलेला नळ उठून बंद करते. शेजारच्या विजेच्या खांबावर एकशे चौदा लिहिलं होतं. प्रवासाच्या वहीत आकडे उतरवायची मला सवय आहे, तो आकडाही उतरवला.

शोभानं आल्या-आल्या पाय धुवायला अख्खी बादली पुढे केली.

"अवं, एवढं कायले? तांब्याभर पुरे."

"घे ना ताई! तुया अकोल्यावानी नाही, आमच्या इथं पान्याची ददात नाही."

घरात चार गुंड, म्हणजे पाण्याचे पितळी हंडे, भरलेले, अंगणात ड्रम. मागच्या पाच गुंठ्यांत झेंडू असा पिवळाधमक की डोळे निवले. लग्नसराईत अमरावतीच्या बाजारात तो जातो. त्या फुलांवरच शोभाच्या घराचा उन्हाळा निघतो, आणि यंदा तिच्या पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचंही त्यातूनच व्हायचं होतं. बोअरला पाणी लागलं का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लागलं असं समज," आणि चहा ठेवायला आत गेली. मला बरं वाटलं. खोदून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकटीच धरणावर गेले. शोभाची फुलं तोडायची होती. सकाळी आठला टाकळीच्या फाट्यावरून जीप मिळते. देऊळ छोटं, पण देवीचं तोंड अगदी पाण्याकडे. ओटीचं सामान गावातूनच न्या, वर दुप्पट भाव. आणि पाणी न्याच. समुद्रासारखं धरण समोर पसरलेलं आहे, पण देवळात प्यायचा नळ नाही. माझी बाटली संपली होती. खाली पंपहाऊस दिसलं, तिथे गेले. भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, पाणी हेच जीवन.

ऑपरेटर पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्यानं कॅनमधलं थंड पाणी दिलं. आत पंपांची अशी घरघर की पायाखालची फरशी थरथरत होती. मी म्हटलं, "भाऊ, इतक्या मेहनतीनं पाणी चढवता आणि रस्त्यात व्हॉल गळतो. पाप नाही का हे?"

"कुठला व्हॉल?"

"खांब एकशे चौदापाशी."

त्याचा चेहरा जरा उतरला. हळूच म्हणाला, "काकू, तुमी कुठल्या?" मी अकोला म्हणणार तेवढ्यात आतून एक तरुण साहेब बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. "मॅडम, लेखी देता का? असे जागरूक नागरिक पाहिजेत."

मला कुणी मॅडम म्हणत नाही. मॅट्रिकला माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. मी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, जागा, खांबाचा आकडा, धारेची जाडी, सगळं. ऑपरेटर तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होता. परतताना जीपमध्ये मी मनात देवीला सांगितलं, आज तुझ्या पाण्याची थोडी सेवा झाली.

तिसऱ्या दिवशी शोभाच्या आग्रहानं राहिले. निघायचं चौथ्या दिवशी सकाळी होतं. त्या दिवशी पहाटेच शोभा शेजारच्या बायकांबरोबर गुंड घेऊन बाहेर पडली. मी पूजा करत होते. अर्ध्या तासात सगळ्या परत आल्या, रिकाम्या. गुंडांचा रिकामा आवाज मी आधी ऐकला.

"काल संध्याकाळी गाडी आली होती म्हने. व्हॉल कसला, वरून सिमिटाची पेटी बसोली, कुलूप लावलं," एक जण म्हणाली.

"कावून बापा एकाएकी? दोन वर्सं झोपले होते काय?"

"कोन्या तरी शिकेल बाईनं अर्ज देल्ला म्हने. देवीले आली होती."

"देवीनंच धाडलं असन तिले!" आणि दुसरीनं बोटं मोडली.

माझ्या हातात उदबत्ती होती. त्या बायका गेल्यावर मी शोभाला सांगितलं. न सांगता बसमध्ये बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण देव्हाऱ्यासमोर बसून ते जमलं नाही.

शोभानं हातातला रिकामा गुंड खाली ठेवला.

"मले विचारलं कावून नाही?"

"तू म्हणालीस ददात नाही..."

"तुले काय सांगू? चोरीचं पानी पितो म्हनून सांगू? तू पाहुनी आली होती."

मग तिनं बोट दाखवलं. गावाच्या टोकाला पाण्याची नवी टाकी आहे, निळ्या-पांढऱ्या रंगाची. येताना मी तिचा फोटोही काढला होता. "तिच्यात आजपर्यंत थेंब नाही पडला. आमी नळासाठी किती अर्ज देल्ले ताई. सरपंचानं देल्ले, बचत गटानं देल्ले. तुया एकाच दिसात पास झाला. अक्षर चांगलं हाये ना तुयं."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

झेंडूकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. वाफ्यातली व्हॉलच्या पाण्याची नाली अजून ओली होती. मी म्हटलं, निघायच्या आधी पंपहाऊसला जाऊन सांगते, अर्ज मागे घेते. शोभा म्हणाली, "आन काय लिहिशीन? गळू द्या म्हनून?"

फाट्यावर ती सोडायला आली. कुंकू लावलं, ओटीत झेंडूची फुलं घातली. मग माझी रिकामी बाटली पिशवीतून काढून घेतली आणि घरून कळशीत आणलेलं पाणी तिच्यात तोंडापर्यंत ओतलं.

"राहू दे शोभा."

"घे. बसमंधी लागन. लय ऊन हाये."

घरी आले तेव्हा ह्यांनी सगळी भांडी भरून ठेवली होती. गच्चीवरून दूर आमच्या अकोल्याच्या एमआयडीसीचे दिवे दिसतात. पूर्वी ते पाहून बरं वाटायचं, आपला जिल्हा पुढे चालला म्हणून. आता लागले की मी खाली उतरते.

जाणार असाल तर देवी जागृत आहे, रस्ता चांगला आहे, धरण बघण्यासारखं आहे. टाकळीच्या अलीकडे सिमेंटची कुलूपबंद पेटी दिसेल, खांबावरचा आकडा मी वर लिहिलाच आहे.

आठ दिवसांनी शोभाला फोन लावला. झेंडूचं विचारलं. "वरचे दोन वाफे गेले. बाकीचं पाहू. टँकर येनार म्हनतात." पोरीच्या प्रवेशाचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग तिनंच विचारलं, "बाटली पेली होती ना ताई? बसमंधी लय गरम झालं असन."

"हो, प्याले," मी म्हटलं.

बाटली समोरच होती, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, तोंडापर्यंत भरलेली.