हमिदामावशींची कात्री

धार काढायच्या आधी हमिदामावशी शेळीला विंचरायच्या. लग्न होऊन कोल्हापुरात त्यांच्या गल्लीत आले तेव्हा मी ते पाहून हसले होते. मान वर न करता त्या म्हणाल्या, "हसतीस काय? लेकराच्या तोंडात जायचं हाय हे."

नवरा वारल्यावर तीन काळ्या शेळ्यांवर त्यांचे घर चाले. दर दुसऱ्या शुक्रवारी कात्री घेऊन बसत आणि कासेभोवतीचे, मांड्यांच्या आतले केस पार कातडीपर्यंत कापत. रोज कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने सड पुसत, पहिली चिळकांडी जमिनीवर सोडत. शेळीने पाय झाडला की म्हणत, "उभी ऱ्हा की गं भवाने, तुझं लगीन न्हाय लावत."

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मुलगी झाली आणि मला दूध पुरेना, म्हणून तिला मावशींकडचे दूध सुरू केले. एका सकाळी सासूबाईंना वाटीत बोटभर काळा केस दिसला.

"हा कुणाचा?"

बाळंतपणानंतर माझे केस मुठीमुठीने गळत होते. मोकळ्या केसांनी चुलीपाशी जायचे नाही, असे सासूबाईंनी दहादा बजावले होते. त्या दिवशी मी ओल्या केसांनीच दूध गाळले होते.

"शेळीचा असेल," मी म्हणाले.

दुपारपर्यंत गल्लीभर झाले. संध्याकाळी मावशी शेळी घेऊनच दारात आल्या. "हात फिरवून बघा की वैनी कासंला. एक केस घावला तर सांगा."

सासूबाईंनी हात लावला नाही. बशीत ठेवलेला केस पुढे केला. मावशींनी तो दोन बोटांत फिरवून पाहिला. शेळीचा केस राठ असतो. हा मऊ होता. त्यांनी माझ्या भांगाकडे पाहिले. मी मुलीला खांद्यावर थोपटत उभी राहिले.

केस बशीत परत ठेवून त्या शेळी घेऊन माघारी गेल्या.

त्यांच्या दुधाचे एकेक घर तुटले. महिन्याभराने शेळ्या वडगावच्या बाजाराला निघाल्या. त्या सकाळीही मावशी कात्री घेऊन बसल्या होत्या. "विकायच्याच आहेत, मग कशाला?" मी विचारले. कसे विचारवले, कोण जाणे.

"सांजंला कोणतरी धार काढंलच की."

पुढे त्या इचलकरंजीला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. निरोप आला होता, मी मातीला गेले नाही. आता सासूबाईही नाहीत. ज्यांना खरे सांगायचे, त्यांतले कुणीच उरले नाही, म्हणून लिहायला धजले. फार वाईट वाटते असेही नाही. फक्त ती सकाळ आहे तशी दिसते. तिन्ही दोर एका हातात गुंडाळून मावशी आमच्या पायरीशी थांबल्या होत्या. आवाजात राग नव्हता.

"केस लई गळत्यात तुझं, पोरी. खोबरेल चोळत जा."