कीड सापडली, तीन घरं पुढे

आमच्या बागेला कीड लागली नाही, ती आम्ही लावली. तीसुद्धा रीतसर नियम करून. नियम करणारी मी.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. महाडात आमच्या घरामागे चार खाटा मावतील एवढं परस आहे आणि तेवढ्या जागेतून मला पृथ्वी वाचवायची होती. (दुपारची भांडी झाल्यावर, चहाची वेळ होईपर्यंत.) झालं असं, की पेपरच्या पुरवणीत मी 'पर्यावरणस्नेही' हा शब्द वाचला आणि तो डोक्यात जाऊन बसला. गणपतीनंतर आमच्या महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. तिथे दरवर्षी लोणची, पापड आणि मण्यांची तोरणं असायची. मी ठरवलं, यंदा असं काही मांडायचं की बायका तोरणं विसरल्या पाहिजेत!

वस्तू तयार झाली. रोपांसाठी प्लास्टिकच्या पिशवीऐवजी शेण, भाताचा तूस आणि भिजवलेला कागद कालवून वाडग्यावर थापलेली कुंडी. त्यात बी लावायचं, रोप वर आलं की कुंडीसकट मातीत पुरायचं. कुंडीचंच खत! पण नुसती शेणाची कुंडी कोण विकत घेणार? म्हणून तिच्यासोबत अख्ख्या कुटुंबाने खेळायचा ज्ञानवर्धक खेळ. जुन्या चादरीवर शंभर घरं रंगवली. फासे नाहीत, नशिबाचा संबंध नाही. बागेत काम करा आणि सोंगटी पुढे न्या. नवं पान आलं, एक घर पुढे. पाणी घातलं, एक घर पुढे. कीड सापडली, तीन घरं पुढे. किडीला सर्वात जास्त घरं दिली, कारण त्याने निरीक्षणशक्ती वाढते, असं माझं मत होतं.

आमचे हे बिरवाडीजवळच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी चादर उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "पाणी घातलं की एक घर. पण दिवसातून किती वेळा घालायचं?"

"अहो, लागेल तेवढं. ते काय सांगायला लागतं? लोक वेडे आहेत का?"

लोक वेडे नव्हतेच. अडचण घरच्यांची होती.

चाचणी घरातच घ्यायची ठरली. पंच मी. खेळाडू चार. पहिले माझे सासरे, अण्णा. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, सगळी नोकरी आंबेनळी घाटात गेलेली. त्यांनी भेंडी घेतली. ह्यांनी चवळी घेतली. आमची मुक्ता तेव्हा चौथीत होती, तिने दोडका घेतला. चौथ्या खेळाडू माझ्या सासूबाई. त्या मुळात खेळणारच नव्हत्या, पण शेणाची कुंडी पाहून विरघळल्या.

"शेणात बी? ह्ये तर आमच्या भावाचं काम गो!"

त्यांचं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. तिथे काकडीचं बी शेणाच्या गोळ्यात घालून भिंतीवर थापून ठेवतात, म्हणजे वर्षभर टिकतं. ती काकडी बाजारात मिळत नाही. हातभर लांब, पिकल्यावर पिवळीजर्द, आणि तिचं रवा-गूळ घालून भाजलेलं गोड धोंडस केलं की वास शेजारच्या घरात आधी पोचतो. आदल्या साली वानरांनी त्या भावाचा, म्हणजे आमच्या मामांचा, सगळा वेल उपटून टाकला होता. उरलेलं मूठभर बी त्यांनी बहिणीकडे पाठवलं आणि निरोप दिला, की ताये, माझ्याकडं राहिलं नाय, तू लाव आणि बी राख, गणपतीला येतो तेव्हा नेतो. सासूबाईंनी ते सगळं बी माझ्या कुंड्यांत लावलं. उगवलं एकच.

"शुभा, ह्यो वेल गेला तर माझ्या म्हायेरची काकडी गेली. ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, काळजीच करू नका. नियम आहेत ना!"

पहिल्या आठवड्यात पाण्याचा नियम बुडाला. अण्णा पहाटे उठून भेंडीला पाणी घालायचे, दात घासून घालायचे, चहा घेऊन घालायचे. मुक्ता शाळेला जाताना दप्तर पाठीवर आणि तांब्या हातात. हे कामावर निघताना. ऐन आषाढ, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि हे तिघं छत्री धरून झाडांना पाणी घालतायत! शेणाच्या कुंड्यांनी जेवढा दम धरता येईल तेवढा धरला. मग त्या बसल्या. पडवीभर शेणकाला झाला, त्यातून रोपं हाताने वेचून आम्ही परसात लावली. (पुढे मी प्रदर्शनात सांगितलं, की कुंडी मातीत झटकन विरघळते. खोटं काहीच नव्हतं.) पाण्याचा नियम मी रद्द केला.

आता उरली पानं आणि कीड. पानांत सासूबाईंशी कोणाची बरोबरी होईना. काकडीच ती, रोज एक पान काढायची. त्या रोज संध्याकाळी चादरीजवळ यायच्या, सोंगटी एक घर सरकवायच्या आणि काही न बोलता भाकऱ्या थापायला जायच्या. ते न बोलणं अण्णांना झोंबायचं.

"हिला नायतर चौकसुद्धा पार करता येत नाय, आणि इथं ही माझ्या पुढं?"

मग एके दिवशी अण्णा काडेपेटी घेऊन घरात आले. उघडली. आत हिरवीगार, गुबगुबीत अळी!

"भेंडीवर सापडली. तीन घरं."

"अण्णा, भेंडीवर सापडली तर काडेपेटीत कशी?"

"पळून गेली असती!"

पंच म्हणून मी तीन घरं दिली. इथे माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी दोन काडेपेट्या. तिसऱ्या दिवशी कळलं, की अण्णा रोज स्टँडवर जाऊन बसतात आणि पोलादपूरहून येणाऱ्या गाड्यांच्या कंडक्टरांनी त्यांच्यासाठी अळ्या आणायचं कबूल केलं आहे. एसटीतून मोफत पार्सल!

मुक्ता कमी नव्हती. शाळेत एका अळीला एक रबर असा भाव फुटला होता आणि तिची कंपासपेटी रात्री आपोआप सरकायची. पण खरा धक्का मला ह्यांनी दिला. मी सिंकमध्ये त्यांचा डबा धुवायला उघडला, तर उरलेली भाजी हलत होती. नीट पाहिलं. भाजी नव्हती, गोगलगायी होत्या.

"अहो!!"

"अगं, ओरडू नकोस. आमच्या ऑपरेटरच्या खोलीमागे शेकड्याने आहेत. चवळीवर सोडतो आणि मग शोधतो. सोडू नये असं तुझ्या नियमात कुठे लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. चाळिशीला आलेला, पदवी घेतलेला माणूस रात्री बॅटरी घेऊन स्वतः सोडलेली गोगलगाय स्वतःच शोधत होता, आणि सापडल्यावर 'सापडली!' म्हणून आनंदाने ओरडत होता. सासूबाई तेवढ्या ह्यात पडल्या नाहीत. "माझ्या वेलावर जी येल ती येल. आणायला मी जाणार नाय." आणि तरीही पानांच्या जोरावर त्याच पुढे!

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाच्या वेळी नवा नियम जाहीर केला. ज्याच्या झाडावर कीड सापडेल त्याची सोंगटी तीन घरं मागे! मला वाटलं, आता बाग कशी स्वच्छ होईल. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

अण्णांनी बशी खाली ठेवली. "मागं? सूनबाई, उभ्या नोकरीत घाटात मी गाडी मागं घेतली नाय. समोरच्याला घ्यायला लावली!"

त्यांनी तेच केलं. सगळ्यांनीच केलं. आपल्या झाडावरची कीड उचलायची आणि ती दुसऱ्याच्या झाडावर नेऊन सोडायची. आणि जो सर्वात पुढे असतो त्यालाच मागे खेचायचं, हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. सर्वात पुढे कोण? काकडी. काडेपेट्या तिच्यावर रिकाम्या झाल्या. कंपासपेटी रिकामी झाली. ह्यांचा डबा दोन्ही खणांसकट रिकामा झाला. तिघंही एकमेकांना नकळत जात होते आणि अंधारात एकमेकांना धडकल्यावर 'मी जरा हवा खायला आलो होतो' म्हणत होते. धो धो पावसात!

दोन-तीन सकाळींत कारभार आटोपला. सासूबाई परसात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत, म्हणून मी मागोमाग गेले. वेलाच्या मांडवावर नुसत्या दोऱ्या राहिल्या होत्या. पानांच्या जाळ्या झाल्या होत्या, आणि बोटाएवढ्या धरलेल्या काकड्यांच्या जागी देठ. गोगलगायी पोटभर जेवून भिंतीला टेकल्या होत्या.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "गणपतीला भाऊ येल. त्याला काय सांगू गो?"

मला रडूच आलं. मागे अण्णा उभे होते, हातात नवी काडेपेटी. त्यांनी ती हळूच लेंग्याच्या खिशात टाकली. ह्यांनी मीठ आणून सगळ्या गोगलगायींचा बंदोबस्त केला. मुक्ताने आपली सोंगटी आपणहून पहिल्या घरात नेऊन ठेवली. मी चादरीची घडी करून माळ्यावर फेकली आणि पृथ्वीला म्हटलं, बाई, तुझी तू वाच.

गणपती दोन दिवसांवर आले. मी मोदकांचं पीठ चाळत होते, एवढ्यात भिंतीपलीकडून हमीदाभाभींची हाक आली. त्या आमच्या शेजारी. त्यांच्या मिस्टरांचा मालवाहू टेम्पो होता, त्याचा गिअरबॉक्स गेल्यापासून तो सबंध पावसाळा आमच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली उभा होता.

"वहिनी, काकीना घेऊन इकडं ये गो! मेकॅनिक आलाय. ताडपत्री काढायची हाय, पण तुमचा वेल आमच्या गाडीला घट्ट धरून बसलाय. तोडू काय?"

"तोडू नका!" सासूबाई आतूनच ओरडल्या आणि पीठ मळलेल्या हातांनी धावल्या. त्या वयात त्यांना तसं धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

गंमत अशी झाली होती, की आम्ही सगळे मांडवावरच्या पानांत गुंतलो होतो, आणि वेलाचा एक फाटा केव्हाच भिंत ओलांडून पलीकडे गेला होता. टेम्पोच्या आरशाला धरून, टपावरून तो ताडपत्रीखाली शिरला होता. तिथे ना नियम, ना पंच, ना अण्णा. हमीदाभाभींनी ताडपत्री उचलली. हौद्यात हातभर लांब दोन काकड्या निवांत पडल्या होत्या!

सासूबाईंनी काकडीवरून हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "बघ गो हमीदा, माझ्या म्हायेरचं तुझ्याकडं येऊन राहिलं."

"मग राहू दे, काकी. गाडी काय, गणपतीनंतर दुरुस्त करू. पण धोंडसाचा वाटा आम्हाला पायजे, सांगून ठेवते!" मेकॅनिक पान्हे गोळा करून परत गेला.

मामा आले. एका काकडीचं धोंडस झालं आणि हमीदाभाभींचा वाटा आधी गेला. मामांनी सगळी हकिकत ऐकली. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी चादर माळ्यावरून काढायला लावली, अण्णांसमोर मांडी घालून बसले आणि विचारलं, "दाजी, आमच्याकडच्या वानराला किती घरं?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "वानर असलं तर थेट शंभर."

दुसरी काकडी पिवळीजर्द होईपर्यंत टेम्पोतच राहिली. प्रदर्शनात मी कुंड्या ठेवल्या. खेळ ठेवला नाही. मला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं नेहमीप्रमाणे तोरणाला.

पिकलेल्या काकडीचं बी सासूबाईंनी धुऊन सुकवलं. अर्धं मामांना पाठवलं. उरलेलं शेणाच्या गोळ्यात घातलं आणि गोळा थापायला त्या स्टुलावर चढल्या. पार वर, आढ्याखाली, जिथे सणाला झाडूसुद्धा पोचत नाही तिथे.

मुक्ताने विचारलं, "आजी, एवढं वर कशाला? उंदीर खातील म्हणून?"

"उंदरांचं काय नाय गो," सासूबाई थापता थापता म्हणाल्या. "त्ये बिचारे खातील चार दाणे आन् जातील. नियम नाय करीत."

स्टूल मीच धरलं होतं.