आंघोळ घातलेला कोड

"मॅडम, मराठवाड्यात फुकट काम करायला डेव्हलपर मिळतील? जरा प्रॅक्टिकल व्हा."

पुण्याच्या एका कंपनीचा माणूस फोनवर हे इतक्या प्रेमानं म्हणाला, की मला आधी रागच आला नाही. फोन ठेवल्यावर आला, आणि आला तो पुढं चार महिने टिकला. त्याला माझं ॲप हवं होतं. म्हणजे आमचं. शेळ्या राखणाऱ्यांसाठीची वही. कुठल्या शेळीला कधी लस, कधी जंताचं औषध, हे फोन मराठीत बोलून सांगायचा, नेटवर्क नसलं तरी. एका वर्षी आमच्याच दावणीच्या तीन शेळ्या आंत्रविषाराच्या रोगानं गेल्या, कारण लशीची आठवण कुणालाच राहिली नव्हती. त्यानंतर मी हे लिहिलं. भूममध्ये कॉम्प्युटरचे क्लास घेते, तेवढं येत होतं. कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा.

आता नव्या फोनांवर ते चालेना. निम्मं पुन्हा लिहायला हवं होतं आणि तेही मृगाच्या आधी, कारण आंत्रविषाराची लस पावसाच्या आधीच द्यावी लागते. कंपनीवाला ते करून द्यायला तयार होता. अट एकच, पुढचा सगळा कोड त्यांच्या कुलपात. "बघा, मृगापर्यंत जमतंय का. नाही जमलं तर आम्ही आहोतच," म्हणाला.

मी म्हटलं, बघाच.

मग मी माणसं गोळा करायला निघाले. इंग्रजीत लांबलचक आवाहन लिहिलं. दोन कॉलेजांत जाऊन घसा कोरडा केला. पोरांनी विचारलं, सर्टिफिकेट मिळंल का? मी नाही म्हटल्यावर मागची दोन बाकं उठून गेली. तरीही इकडून-तिकडून, कुणी आवाहन वाचून, चौघं तयार झाले. ते येणार म्हणून मी आठ दिवस राबले. कोडमधल्या बारीकसारीक चुका निपटल्या, वेडीवाकडी नावं सरळ केली, जुना कचरा काढला. पाहुणे येणार तर घर आवरायला नको? आमच्यात चटईखाली झाडलेला कचरासुद्धा पाहुण्याला दिसू देत नाहीत.

चौघं आले, कोड उघडून बघितला, "छान आहे" म्हणाले आणि परत फिरकले नाहीत.

मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. कंपनीवाला बरोबर होता की काय, ही शंका जास्त झोंबत होती. शेवटी त्या चौघांतल्या जळकोटच्या बाईंना फोन लावला. लग्नानंतर घरी बसून, सासूबाईंच्या फोनवर कोडिंग शिकलेली बाई. त्यांना विचारलं, "काय चुकलं माझं?"

त्या म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. आमाला करण्याजोगं तिथं कायच नव्हतं. जे ऱ्हायलं होतं, ते तुमालाबी जमंना झालतं."

राग मानला. चांगला दिवसभर मानला. संध्याकाळी शेळ्या आत घेताना आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तोंड बघून विचारलं. सांगितलं सगळं. ते गवताची पेंढी सोडत शांतपणे म्हणाले, "इर्जिक घालायलीस ना? मग आधी सगळं रान तूच नांगरून ठिवलंस, अन् खडक तेवढा दुसऱ्याच्या बैलाला ठिवलास. कोण यील?"

इर्जिक मी लहानपणी बघितलेली. ज्याचं रान मागं पडलं, त्यानं गावाला बोलवायचं. आठ-दहा बैलजोड्या येतात, एका दिवसात नांगरट उरकतात, मजुरी कुणी घेत नाही, घरधनी जेवू घालतो. पण कुठलाही घरधनी आधी आपलं रान विंचरून ठेवत नाही. पडीक आहे म्हणून तर बोलवायचं. मला मात्र पडीक दाखवायची लाज वाटली होती.

"तुमी आधी का सांगितलं न्हाय, आबा?"

"तू इचारलंस व्हय कधी?"

पुढच्या आठवडी बाजाराला मी ॲप घेऊन शेळ्यांच्या ओळीत जाऊन बसले आणि म्हटलं, नावं ठेवा. त्यांनी मनापासून ठेवली. बटण अंगठ्याला लहान आहे. पाठ, म्हणजे तरणी शेळी, विकली तरी फोन तिला विसरत नाही. एक आजोबा तर भडकलेच, "मेलेल्या शेळीची लस सांगतंय रोज सकाळी! किती डाव रडावं माणसानं?" सगळं त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून काढलं आणि जसंच्या तसं सगळ्यांसमोर ठेवलं. यातलं निम्मं मी एका दुपारीत दुरुस्त केलं असतं. केलं नाही. हात नुसते शिवशिवत होते.

या वेळी आवाहन लिहिलं नाही, एकेकाला फोन केला. येडशी सगळ्यांना मधली पडते, म्हणून तिथल्या माझ्या आत्याच्या ओसरीवर जमायचं ठरलं. अकरा जण आले, त्यात आधीचे चौघंही होते. आत्यानं हुलग्याची शेंगोळी केली. जळकोटच्या बाईंनी यादी वाचली आणि लगेच म्हणाल्या, "मेलेली शेळी मी घेती." त्यांनी लिहिलेला कोड, खरं सांगायचं तर, ओबडधोबड होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि त्यांनाच पुन्हा बघायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला जमलं. मग त्यांनी दुसरं काम मागितलं, मग तिसरं. बारकं सगळं इतरांनी उचलल्यावर नव्या फोनांच्या अवघड खडकाला मी मोकळी झाले, आणि दोन रविवारांनंतर त्या खडकावर माझ्याबरोबर जळकोटच्या बाईही होत्या.

मृगाच्या आधी आबांचा नवा फोन दावणीपाशी बोलला, "उद्या लस हाय." आबांनी त्याला "व्हय, व्हय" म्हणून उत्तर दिलं.

कंपनीवाल्याचा फोन आलाच. ॲप चालतंय हे त्याला कळलं होतं. "अभिनंदन मॅडम. पण ही माणसं किती दिवस टिकणार? आता तरी विचार करा."

"केलाय," मी म्हटलं. "रविवारी येडशीला या. जेवण आमच्याकडं. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी एक सोपी चूक मुद्दाम ठेवलीय शिल्लक."