भिंतीवरच्या रहस्यकथा

आयर्लंडमध्ये पोर्टलीशला मुलाच्या घरी, बसायच्या खोलीत, सहा जुन्या रहस्यकथांची कव्हरं काचेच्या फ्रेममध्ये लावलेली आहेत. एकावर हिरव्या साडीतली बाई जिन्यात उभी राहून किंचाळते आहे. एकावर नुसता काळा हातमोजा आणि सुरी. घरी येणारा प्रत्येक जण तिथे थांबतो, आणि मुलगा सांगतो, "ही आमच्या बाबांची पुस्तकं."

ती माझी होती. ह्यांनी जन्मात वर्तमानपत्राखेरीज काही वाचलं नाही.

पुण्याला आमच्या घराजवळ एका गाळ्यात भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालय होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि लग्नानंतर तेवढंही विसरायच्या बेतात होते. वाचनालयाचे मालक म्हणाले, "वहिनी, रहस्यकथा न्या. शब्द अडला तरी पुढे जावंसं वाटतं." ते खरं निघालं. मला सभासद करून घेताना मात्र त्यांनी न विचारता ह्यांचं नाव लिहिलं.

खुनाबिनाचं वाचून बायकांचं डोकं फिरतं असं ह्यांचं मत होतं. म्हणून मी दुपारी वाचत असे आणि हे यायच्या आत पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवत असे. मग एका लग्नात ते मालक ह्यांना भेटले आणि चार लोकांत म्हणाले, "साहेबांसारखा वाचक आमच्याकडे दुसरा नाही." ह्यांनी शांतपणे मान हलवली. घरी आल्यावर आता बोलणी बसणार म्हणून मी वाट पाहत होते. हे म्हणाले, "असू दे. माझ्याच नावावर राहू दे." त्यानंतर पुस्तकं उघड टेबलावर राहायला लागली. कुणी आलं की हे त्यातलं एखादं हातात धरून बसत. मुलाने बाप पाहिला तो असा. पुढे वाचनालय बंद झालं तेव्हा मालकांनी रहस्यकथांचा गठ्ठाच घरी पाठवून दिला, तोसुद्धा साहेबांसाठी.

मी कधी काही बोलले नाही. बोलले असते तर पुस्तकं पुन्हा पिठाच्या डब्यामागे गेली असती.

मी फार हळू वाचते. बोट ओळीखाली असतं आणि ओठ हलतात. ज्याला भराभर वाचता येतं त्याला खुनी एका बैठकीत सापडतो. मला गोष्टीतल्या बंगल्यात सगळ्या संशयितांबरोबर पंधरा-पंधरा दिवस राहावं लागे. पोळ्या लाटतानाही कोण कुठल्या खोलीत होतं तेच डोक्यात असे.

हे गेल्यानंतर मुलगा मला तीन-तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आणतो. या खेपेला मी गठ्ठ्यातली न वाचलेली सहा पुस्तकं बॅगेत घालून आणली. सून इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, मुलगा वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करतो, नात शाळेत. दुपारी मी स्वयंपाकघरातल्या हीटरजवळ बसून हिरव्या साडीचं पुस्तक वाचत होते. त्यात एक म्हातारा वकील जेवता जेवता ताटावरच मरतो, आणि थोरली सून त्याचं ताट घाईने घासून टाकते. सगळं घर तिच्यावर उठलेलं, आणि ती तोंड उघडत नाही. मला तिची काळजी लागली होती. निम्म्यावर आले होते.

एके दिवशी सून सुटी काढून मला किलकेनीला किल्ला बघायला घेऊन गेली. संध्याकाळी परत आलो तर मुलगा दारातच म्हणाला, "आई, डोळे मिट." हाताला धरून त्याने मला भिंतीसमोर उभं केलं. "आता बघ."

मी बघितलं. मग विचारलं, "आतली पानं कुठेत?"

"पिवळी पडली होती गं, वास मारत होती. रद्दीच्या डब्यात टाकली. दुपारी गाडी येऊन घेऊन गेली."

"बट आजी वॉज रीडिंग दॅट वन," नातीने हिरव्या साडीकडे बोट दाखवलं. तिला मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत.

"आजी चित्रं बघते, बाळा."

"नो, शी रीड्स. हर लिप्स मूव्ह."

मुलगा हसला. सून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती, मला आवडलं की नाही ते पाहायला. मी म्हटलं, "छान झालंय."

रविवारी मुलाच्या ऑफिसातली दोन मराठी कुटुंबं जेवायला आली. "काय भारी टेस्ट होती काकांची," एक जण म्हणाला. दुसरा माझ्याकडे वळला. "काकू, नवरा एवढ्या डिटेक्टिव्ह कथा वाचणारा म्हणजे तुम्हाला काही लपवताच येत नसेल." सगळे हसले. मुलगा म्हणाला, "आमची आई चौथी पास, पण बाबांना कधी वाचताना डिस्टर्ब केलं नाही तिने." मी भात वाढायला उठले.

पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना मी बोलले. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ती पुस्तकं माझी होती."

"हो गं आई. बाबांचं ते सगळं तुझंच."

"तसं नव्हे. मी वाचत होते. हिरव्या साडीचं निम्मं राहिलंय."

त्याने हातातली ताटली खाली ठेवली. "मग आधी सांगायचंस ना. थांब, नेटवर बघतो. खुनी कोण एवढंच हवंय ना?" बराच वेळ त्याने फोनवर शोधलं. काही मिळालं नाही. "एवढं जुनं कुठे असणार," तो म्हणाला. "बाबा असते तर त्यांनी चटकन सांगितलं असतं."

मी ताटल्या पुसून ठेवल्या.

परत निघायच्या आदल्या दिवशी तो माझी बॅग भरत होता. "पुढच्या खेपेला उरलेली पुस्तकंही आण. जिन्याजवळची भिंत मोकळीच आहे. जड होत असतील तर नुसती कव्हरं कापून आण."

गठ्ठा पुण्याला दिवाणात आहे. येताना मी त्यात कडुलिंबाचा पाला घालून आले होते.

"त्यांना वाळवी लागली," मी म्हटलं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. जाळून टाकावी लागली."

तो बॅगेशेजारी बसला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, ते मला दिसत होतं. "बाबांना किती लागलं असतं गं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, "फार लागलं असतं."