आत्याबाईंनी उजळवलेला तवा

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी घासलेली भांडी अंगणात वाळत पडली की हायवेवरचे ट्रकवाले डोळ्यांवर हात धरतात. यात थोडं माझ्या पदरचं आहे, पण फार नाही. आमच्या तामलवाडीत घासावं तर आत्याबाईंनीच, असं सगळं गाव म्हणतं. काळं भांडं त्यांना चार पाहुण्यांपुढं फाटका सदरा घालून बसलेल्या जावयासारखं वाटतं.

मला दिवस गेले, तेव्हा फोडणीचा वास आला की संपलंच. नळदुर्गात माझ्या आईनं फोनवर बोलता बोलता कांदा चिरला, तरी इकडं माझं पोट उलटायचं. आत्याबाई म्हणाल्या, "तू चुलीकडं फिरकूच नको. मी हाय की." रोज सकाळी ताटात दोन धिरडी यायची. अधूनमधून काळे ठिपके दिसायचे. जिरं करपलं असेल म्हणून मी मुकाट्यानं खायचे. आयतं मिळत असताना चुका काढायला मी काही वेडी नाही.

पाचव्या महिन्यात मळमळ थांबली आणि मी ऐटीत स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक तवा लखलखत होता. त्यात तोंड बघून भांग पाडावा असा.

"हा कुठला नवा?"

"नवा कशाचा? तुझ्या म्हायेरचा त्योच काळा तवा," आत्याबाई छाती फुगवून म्हणाल्या. "तीन म्हैने रोज थोडा थोडा घासला. बंबातली राख आन् नारळाची शेंडी. तुझ्या आईनं कवा हात लावला नव्हता वाटतं ह्याला?"

नॉनस्टिक तवा! आईनं लग्नात हौसेनं दिलेला.

"आत्याबाई, ते काळं मुद्दाम लावलेलं असतं!"

"मुद्दाम काळं कोण लावंल?"

ते काळं कुठं गेलं, याचा हिशोब मला एका क्षणात लागला. थोडं राखेत, बाकीचं माझ्या पोटात. फोन उघडला तर फोननं मला उभं जाळलं. एकजण म्हणे काही होत नाही, दुसरा म्हणे विष. ह्यांना विचारलं तर मान वर न करता "काय होत न्हाय गं" म्हणाले. पण ह्यांच्या मते भूकंपानंही काही होत नाही. मी पोटावर हात ठेवून बसले. गेले दोन दिवस बाळाची हालचाल मला कमीच वाटत होती. एरवी मी मुंगीची हत्तीण करून सांगते, पण तेव्हा नुसती पोट थोपटत राहिले.

आत्याबाईंनी ते पाहिलं. भांडल्या नाहीत, टोमणा नाही. तवा पिशवीत घातला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "चल तुळजापूरला." तव्याचं कळल्यापासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

दवाखान्यात त्यांनी तवा थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. "मॅडम, म्या घासलं. हिची काय चूक न्हाय. सांगा, लेकराला ते चिकटलं तर नसंल?"

डॉक्टरीणबाईंनी तवा उलटासुलटा पाहिला. हसू दाबायला त्यांना बरेच कष्ट पडले. "मावशी, कशाला काही चिकटू नये म्हणूनच ते लावलेलं असतं. पोटात गेलेले कण अंगात जिरत नाहीत, जसे गेले तसे बाहेर पडतात. काळजी घ्यायची ती वेगळी. असा तवा रिकामा रसरशीत तापवायचा नाही, त्याचा धूर वाईट. आणि ओरखडे पडले की वापरायचा नाही."

"म्हंजी ह्यो मोडीत?"

"मोडीत. इतकी चमक तुम्हीच आणलीत होय?"

"मीच," आत्याबाई म्हणाल्या. एवढ्या पश्चात्तापातही आवाजात जरा तोरा होताच.

मी हालचाल कमी वाटते म्हणून सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला झोपवलं आणि पोटावर यंत्र टेकवलं. खरखर झाली. आत्याबाईंनी श्वास असा रोखला की खोलीतला पंखासुद्धा थांबला असावा. मग आवाज आला. धडधड, धडधड, उतारावरून मोकाट सुटलेल्या घोड्यासारखा.

"हे त्याचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याचंच. एकदम व्यवस्थित आहे."

"लई पळतंय की गं!" त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटांवर वळ उठले. "मॅडम, आजून थोडं ऐकवा."

डॉक्टरीणबाईंनी ऐकवलं. बाहेर रांगेतल्या बायका कुरकुरत होत्या, त्यांना आत्याबाईंनी दारातून डोकं काढून बजावलं, "थांबा जरा, आमचं पळतंय." मग आम्ही दवाखान्याचा जिना उतरलो. समोरच्या गाड्यावर आत्याबाईंनी चाळीस भजी खाल्ली. बरं, चौदा. पण मी मोजत होते कुठं? मी माझी खात होते.