उजव्या हाताची नखं

क्लासिकल गिटार वाजवणाऱ्याचे दोन हात एकाच माणसाचे वाटत नाहीत. माझ्या डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली असतात आणि बोटांच्या टोकांना तारांनी घट्टे पडलेत. उजव्या हाताची मात्र वाढवलेली, कारण आम्ही तार नखानं छेडतो. त्यासाठी अंगठा आणि तीन बोटं लागतात. करंगळी लागत नाही, ती नुसती सोबतीला असते. नव्वदच्या दशकात नखं घासायला मी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणायचे. दुकानदाराला वाटायचं, यांच्याकडे फर्निचरचं काम काही संपत नाही.

लग्न करून मी नेरुळला आले होते. नवरा न्हावा शेवा बंदरात, माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होता, तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर परतायचा. मी बाहेरच्या खोलीत सोसायटीतल्या मुलांना शिकवायचे. पालक पहिल्याच दिवशी विचारायचे, "मॅडम, पिक्चरची गाणी कधीपर्यंत येतील?" मी सांगायचे, "येणार नाहीत." नवरा म्हणायचा, "जरा गोड बोललीस तर काय जाईल?" पण तोंडात साखर घोळवून शिकवणं मला कधी जमलं नाही. तरी मुलं यायची. परदेशी पुस्तकं मिळायची नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मीच छोटे छोटे तुकडे रचायचे. त्या तुकड्यांतूनच पुढे माझ्या रचना झाल्या.

माझे सर गोव्याचे, मुंबईत राहायचे. स्तुती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा त्यांनी त्या रचना ऐकल्या, बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक संध्याकाळ तुझी. फक्त तुझ्या रचना." मुंबईतला लहानसाच हॉल होता, पण अशी संध्याकाळ त्यांनी कुणाही विद्यार्थ्याला दिली नव्हती. मला तेव्हा दिवस गेलेले. कार्यक्रमाच्या वेळी बाळ तीन महिन्यांचं होणार होतं. तीन महिने म्हणजे भरपूर, असं मला वाटलं. ज्यांना मुलं आहेत त्यांनी खुशाल हसावं.

मला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला साताऱ्याहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणायचे, त्यांच्याकडे तशीच पद्धत. मुलगी झाली. घरी आणल्यावर चारच दिवसांत तिच्या गालावर माझ्या नखाचा लालभडक ओरखडा उठला.

"नखं काप," आत्या म्हणाल्या.

"कार्यक्रम झाला की कापते."

"आन् तवर पोरीनं ओरबाडून घ्यायचं?"

"आता कापली तर ती वाढेपर्यंत सराव बंद पडेल, आत्या. मला वाजवताच येणार नाही."

"मग नको वाजवूस. न्हाई वाजवलं तर चूल बंद पडतीया व्हय?"

मी रडले. बाळंतिणीला रडायला निमित्त लागत नाही, पण मला होतं. ही संध्याकाळ गेली असती तर सरांनी पुन्हा विचारलं नसतं, आणि मी 'पूर्वी वाजवायची हं' असं जिच्याबद्दल सांगतात तशी एक बाई झाले असते. मला ते होऊन चालणार नव्हतं. आणि ती लाल रेघ बघून स्वतःची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आत्या त्यांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन बसल्या. तान्ह्या बाळाच्या हातांना घालायला पिशव्या शिवतात, तशा दोन त्यांनी मुलीसाठी शिवल्याच होत्या. आता तिसरी शिवली, मोठी, नाडीची.

"ह्यी तुला," त्या म्हणाल्या. "पोरीला घेताना घालायची, वाजवताना काढायची."

आम्हा मायलेकींच्या हातांना एकाच लुगड्याच्या पिशव्या आल्या. नवरा पोट धरून हसला, मग आत्यांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. तेल लावणं, आंघोळ घालणं आत्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी ज्या पाटावर बसून त्या पाय पसरून बाळाला न्हाऊ घालायच्या, तोच पाट दुपारी मी वाजवताना गिटार उंच राहावी म्हणून डाव्या पायाखाली घ्यायचे. "पाटाला पाय लावतीया," म्हणून त्या रोज कुरकुरायच्या, आणि रोज जेवणं झाली की पाट पुसून खुर्चीपुढे आणून ठेवायच्या.

बारशाला मी पिशवी घालूनच बसले. बायका नाव ऐकायचं सोडून माझ्या हाताकडे बघत होत्या. "काय झालं हो हाताला?" "काही नाही, नखं आहेत." हे कुणाला खरं वाटणार? आठवड्याभरात सोसायटीत पसरलं की मला इसब झालंय आणि ते मी झाकते. दोन मुलं शिकायला यायची थांबली. मी तिरमिरीत दारोदार हात दाखवत निघाले होते. आत्या म्हणाल्या, "तू बस." खाली भाजीची गाडी आली होती, त्या मुलीला छातीशी धरून उतरल्या. मी गॅलरीतून ऐकत होते.

"सुनंच्या हाताला काय बी रोग न्हाई," त्या भेंडी निवडता निवडता मोठ्यांदा म्हणाल्या. "ती नखं म्हंजी तिचं हत्यार हाय. सुतार पटाशी पाळण्यात ठेवतो व्हय? तसंच ह्ये." घरात नखांवरून मला बोलणाऱ्या त्याच, आणि बाहेर माझी बाजू घेणाऱ्याही त्याच. दोन्ही मुलं पुढच्या सोमवारी परत आली.

एका दुपारी मुलगी झोपली होती, तिच्या पिशव्या दोरीवर वाळत होत्या आणि मी माझ्या पिशवीतूनच तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. आत्या जवळ लसूण सोलत होत्या.

मी म्हटलं, "आत्या, हिचं जावळ किती मऊ आहे हो?"

"तुझीच पोर, आन् मला इचारतीस?"

"डाव्या बोटांना घट्टे आहेत, त्यांना काही कळत नाही. उजवा हात हा असा."

त्यांनी लसूण खाली ठेवला. "वाजवायला पाची बोटं लागत्यात?"

"करंगळी नाही लागत."

"मग आदी सांगायचं न्हाईस, येडे?" त्यांनी नेलकटर आणून माझ्या करंगळीचं नख स्वतः कापलं, पिशवीचा कोपरा कातरला आणि ते बोट बाहेर काढलं. मी ते मुलीच्या कपाळावरून टाळूपर्यंत नेलं. इतकं मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. झोपेतच तिनं बोट मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

कार्यक्रम झाला. हॉल अर्धाअधिक भरला होता. बाहेरच्या पॅसेजमध्ये आत्या मुलीला घेऊन बसल्या होत्या, शेवटच्या रचनेत तिथून तिचं रडणं ऐकू आलं. मी थांबले नाही. ती रचना मी आजवर इतकी चांगली पुन्हा वाजवलेली नाही. सर म्हणाले, "दुसरीत घाई केलीस." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी परत."

घरी आल्यावर मी आत्यांकडे नेलकटर मागितलं. "रातीची नखं कापू न्हाईत," त्या म्हणाल्या. सकाळी चहाच्या कपाशेजारी नेलकटर ठेवलेलं होतं. मी ते उचललं, करंगळीचं तेवढं नख कापलं आणि खाली ठेवलं.

पिशवी पुढे विरून गेली. कार्यक्रम होत राहिले, मुलं शिकून गेली, मुलगी शाळेत जाऊ लागली. रस्ता ओलांडताना इतर मुलं आईचा पंजा धरायची, ही करंगळी धरायची. मी म्हणायचे, "नीट हात धर." ती म्हणायची, "धरलाय की."

एका उन्हाळ्यात मनगट दुखावलं म्हणून डॉक्टरांनी गिटार बंद केली, तेव्हा मी सगळी नखं कापून टाकली. शाळेबाहेर मी तिच्यापुढे अख्खा पंजा धरला. म्हटलं, आज घे सगळा. तिनं माझी बोटं बाजूला सारली आणि करंगळी शोधून धरली. मला भर रस्त्यात रडू आलं. बाकीची चार बोटं गिटारची आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.