कोळशाचा राक्षस

जव्हारच्या एसटी डेपोतला एक कारकून रविवारी आम्हा शिक्षकांना त्याच्या खोलीवर एक खेळ खेळवायचा. तो राक्षसांची गोष्ट सांगे, आम्ही त्यातले वीर होऊन फासे टाकून त्यांच्याशी लढत असू. परदेशी पुस्तकातल्या चकचकीत चित्रांमधले राक्षस आम्ही हसत मारायचो. तो मात्र दर वेळी हळूच म्हणे, "गेला बिचारा."

एकदा त्याने स्वतः कोळशाने राक्षस काढला. बरगड्या दिसणारा, उकिडवा बसून आमच्याकडे वर बघणारा. फासे कोणी उचलेना.

"मारा ना," तो म्हणाला, "राक्षसच आहे."

"नको वाटतं हो," आमच्यातले पोशेरा गावच्या शाळेचे गुरुजी पुटपुटले. तरी खेळ पुढे न्यायचा म्हणून त्यांनीच फासे टाकले. राक्षस मेला.

कारकुनाने अंगठ्याने चित्रातला चेहरा सावकाश पुसला आणि आमच्यासाठी चहा ठेवला.

पुढच्या रविवारी त्याचं दार उघडंच होतं. पण पुन्हा फासे उचलायला आमच्यातलं कोणी गेलं नाही.